अँपमागची लाल-पांढरी केबल: कधी बदलायची, कोणती घ्यायची, किती पैसे घालायचे

नवीन अँप, म्हणजे अँप्लिफायर, आणि स्पीकर घरी आले की पहिले पंधरा दिवस माणूस गाणी ऐकतो. सोळाव्या दिवशी कुणीतरी मित्र येतो, दहा मिनिटं डोळे मिटून ऐकल्यासारखं करतो आणि विचारतो, "केबल कुठली लावलीयेस?" झालं. त्या रात्रीपासून गाणं राहतं बाजूला आणि आपण मोबाईलवर केबल बघत बसतो, आणि तिथे दीडशे रुपयांपासून थेट दुचाकीच्या किमतीपर्यंत सगळं मिळतं आणि प्रत्येकाखाली कुणीतरी लिहिलेलं असतं की बॉस, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं.

मी डोंबिवलीत राहतो. सिस्टिम साधी आहे, एक इंटिग्रेटेड अँप, दोन बुकशेल्फ स्पीकर, एक टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं, टीव्ही आणि बाबांचा जुना कॅसेट डेक. एवढ्या पसाऱ्यात गेल्या काही वर्षांत केबलवर बरेच पैसे घातले, थोडे बरोबर आणि जास्त चूक. तेव्हा कुणी क्रमाने सांगितलं असतं तर निम्मे वाचले असते, म्हणून आता क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. इंटरकनेक्ट म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सिग्नल नेणारी केबल, सीडी प्लेयर ते अँप, टीव्ही ते अँप, डॅक (डिजिटल सिग्नलचा अँपला कळेल असा सिग्नल करणारा डबा) ते अँप. अँपपासून स्पीकरपर्यंत जाते ती स्पीकर वायर, तिचं गणित वेगळं, तिथे जाडी खरंच लागते. दुकानदार दोन्ही एकाच वाक्यात विकतो, आपण वेगळं ठेवायचं.

पायरी १: मागच्या बाजूचा फोटो काढा

सगळं बंद करा, अँप पुढे ओढा आणि मागच्या पॅनेलचा मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढा. हसू नका, दुकानात उभं राहून "ते गोल असतं ना, मध्ये भोक असलेलं" सांगण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा.

गोल सॉकेटं जोडीने दिसतात ती आरसीए. पांढरं डावं, लाल उजवं, कधी पांढऱ्याच्या जागी काळं असतं. पिवळं दिसलं तर ते व्हिडिओचं. हे नाव अमेरिकेतल्या रेडिओ कॉर्पोरेशनवरून पडलं, ग्रामोफोन रेडिओला जोडायला त्यांनी हा प्लग काढला आणि तो अजून तसाच चालतोय. बाजारात याला कुणी इंटरकनेक्ट म्हणत नाही, आरसीए कॉर्ड म्हणा, नाहीतर एव्ही कॉर्ड, लगेच समजतं.

मोबाईल-लॅपटॉपवरून घ्यायचं असेल तर एका टोकाला साडेतीन एमएमचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए. जॅकवर काळ्या रिंगा मोजा, दोन असतील तर स्टिरिओ आणि तुम्हाला तीच हवी, तीन असतील तर ती माईकवाली किंवा व्हिडिओवाली, तिने कधी एकच चॅनल वाजतो तर कधी आवाज पोकळ येतो आणि आपण अँपला दोष देत बसतो.

तीन पिनांचं मोठं गोल सॉकेट म्हणजे एक्सएलआर, बॅलन्स्ड. एक नंबरची पिन ग्राउंड, दोनवर सिग्नल सरळ, तीनवर तोच उलटा, आणि वाटेत जो कचरा दोन्हींवर सारखा चढतो तो पलीकडे वजाबाकीत उडून जातो. दहा-पंधरा मीटर केबल ओढायची असेल तर सोनं आहे. शोकेसमधे एकावर एक ठेवलेल्या दोन डब्यांना त्याची गरज नसते, पण दोन्हीकडे सॉकेट असेल तर लावा, बिघडत काही नाही.

पायरी २: बदलायच्या आधी पुसा

या पायरीला कुणी मान देत नाही, कारण यात काही विकत घ्यायचं नसतं.

माझ्याकडे एका पावसाळ्यात उजवा स्पीकर खरखरायला लागला, मधेच गप्प व्हायचा, अँपवर थाप मारली की परत सुरू. मी दोन दिवस नवीन केबल बघत होतो. तिसऱ्या दिवशी सहज पिन काढून खिडकीपाशी नेली तर कडेच्या पाकळ्यांवर हिरवट थर. या पिना आतून बहुतेक पितळेच्या असतात, वरती निकेलचा नाहीतर सोन्याचा मुलामा. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक कळकतं ना, तसंच हे, मुलामा गेला आणि दमट हवा लागली की थर धरतो. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग तेवढाच, कल्हईसारखा. वीज वाहून नेण्यात सोनं तांब्याच्या मागेच आहे, पण ते गंजत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहत असाल तर सोनेरी पिन घ्या, यासाठीच घ्या.

करायचं असं: सगळं बंद, वायर भिंतीतून बाहेर. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, ते कानातल्या कापसाच्या काडीवर घेऊन पिन आतून-बाहेरून पुसायची, अँपचं सॉकेट बाहेरून पुसायचं. काडी काळी होईल, दुसरी घ्या. मग पिन सॉकेटमधे घालून पाच-सहा वेळा जरा फिरवायची म्हणजे उरलेला थर खरवडला जातो. पिनेच्या कडेच्या पाकळ्या सैल झाल्या असतील तर पकडीने अगदी किंचित, म्हणजे खरंच किंचित आत दाबायच्या. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यातलं काही लावायचं नाही, माझ्या आईने सुचवलं होतं म्हणून सांगतोय.

माझा उजवा स्पीकर त्या दिवसापासून नीट आहे आणि केबल तीच आहे. सिस्टिममधे खरखर, मधेच एक बाजू जाणं, हलवलं की येणं, हे सगळं जवळजवळ कायम सांध्याचं दुखणं असतं.

पायरी ३: घरघर कुठून येते ते शोधा

गाणं थांबलं की मागे बारीक "हंऽऽ" येतं, आवाज वाढवला की वाढतं. नवीन माणूस इथेच फसतो, त्याला वाटतं केबल हलकी आहे, तो महाग शिल्डवाली, म्हणजे आतल्या तारेभोवती जाळी असलेली, आणतो, घरघर तिथेच. मग आणखी महाग आणतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर ५० ची किंवा तिच्या पटीत असते. ती यायचं मोठं कारण म्हणजे ग्राउंड लूप. दोन डबे आरसीएच्या बाहेरच्या कड्याने एकमेकांना जोडलेले असतात आणि तेच दोन डबे दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनेही जमिनीला जोडलेले असतात, दोन वाटांमधे थोडा व्होल्टेजचा फरक असतो, त्यातून बारीकसा करंट केबलच्या जाळीतून फिरत राहतो. केबल कितीही भारी आणा, लूप आहे तोवर तो फिरणारच, कारण तो जाळीतूनच फिरतोय.

शोधायची पद्धत सांगतो, अर्धा तास लागतो. अँपमधून सगळ्या आरसीए काढा. नुसता अँप आणि स्पीकर चालू करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर. शांत असेल तर अँप चांगला आहे. घरघर असेल तर दोष अँपमधेच, केबलचा विषय संपला, रिपेअरवाल्याकडे न्या. शांत असेल तर आवाज खाली करा, अँप बंद करा, एक डबा जोडा, परत चालू करून ऐका, मग दुसरा जोडा, असं एकेक करत. जो जोडल्यावर घरघर आली तो सापडला.

आमच्याकडे तो टीव्ही निघाला. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, बॉक्सला गच्चीवरून आलेली केबलवाल्याची काळी वायर. मी ती वायर बॉक्सच्या मागून स्क्रू फिरवून काढली, मॅच चालू होती, घरात आरडाओरडा झाला, पण स्पीकर असा गप्प झाला की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ती वायर अख्ख्या बिल्डिंगमधून फिरून येते, तिचं ग्राउंड वेगळं आणि आमच्या प्लगचं वेगळं. यावर मी उपाय काय केला ते टीव्हीच्या भागात येतं.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार लॅपटॉपचा चार्जर. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, घरघर गेली तर तोच. सगळे डबे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले तरी बऱ्याचदा फरक पडतो कारण दोन वाटांची एक होते. लूप सुटतच नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची बारकी डबी मिळते, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या डबीने बास थोडा पातळ होतो, पण घरघरीपेक्षा बरं.

आणि हे नीट वाचा: घरघर जाते म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढायची नाही, तोडायची नाही, टेप गुंडाळायची नाही. घरघर जाते खरी, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर अँपच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आणि कुणाचातरी हात. अर्थची पिन काढून बघ असं सांगणारा माणूस भेटला तर त्याचे बाकीचे सल्लेही सोडून द्या.

घरघरीऐवजी तिखट "झिंऽऽ" असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे एकेक बंद करून बघा. त्यात मात्र केबलच्या शिल्डचा थोडा हात असू शकतो.

पायरी ४: मल्टिमीटर, दोन मिनिटं

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावाच. तो बीपवर ठेवा. केबलच्या या टोकाची मधली पिन आणि त्या टोकाची मधली पिन, बीप यायला हवा. या टोकाचं बाहेरचं कडं आणि त्या टोकाचं कडं, बीप. मधली पिन आणि कडं, एकदम गप्प. आता बीप चालू असताना केबल टोकापाशी हलवा, बीप तुटला तर आत डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, सुटलाय. चारही पिना अशा बघा. यात पास झालेली आणि पुसलेली केबल घरघर नसताना वाजत असेल, तर खरं सांगू का, तुमचं काम झालं. पुढचं हौसेचं किंवा गरजेचं, गरज म्हणजे केबल तुटलीय, आखूड पडतेय किंवा नवीन डबा आणलाय.

पायरी ५: नवीन घेताना काय बघायचं

थोडे आकडे सांगतो, कंटाळा आला तरी वाचा, यानेच पैसे वाचतात.

सीडी प्लेयर किंवा डॅकमधून जास्तीत जास्त साधारण २ व्होल्ट बाहेर येतात. अँपच्या इनपुटचा रोध धरा १०,००० ओहम, बऱ्याच अँपना याहून जास्तच असतो. म्हणजे केबलमधून जाणारा करंट झाला ०.२ मिलीअँपिअर. एवढ्यात एक बारका एलईडीसुद्धा धड पेटत नाही. त्यासाठी करंगळीएवढी जाड केबल कशाला? एक मीटर बारीक तांब्याच्या तारेचा, म्हणजे ०.२ चौरस मिलिमीटरच्या, रोध येतो ०.०९ ओहमच्या आत. पुढे दहा हजार बसलेत. चांदी तांब्यापेक्षा विजेला सहा-सात टक्के चांगली, बरोबर आहे, पण ती सहा टक्के त्या ०.०९ ची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

दुसरा मुद्दा कपॅसिटन्स, म्हणजे थोडी वीज साठवून धरायचा गुण. केबल म्हणजे लांबट कपॅसिटर, मीटरमागे साधारण ५० ते १५० पिकोफॅरड. यामुळे वरचे सूर कापले जातात असं विकणारे सांगतात आणि ते खोटं नाही, फक्त कुठे कापले जातात ते सांगत नाहीत. सोर्सचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या डब्याचा, आउटपुट रोध १,००० ओहम आणि एक मीटर केबल १०० पिकोफॅरडची धरली तर कापायला सुरुवात होते १५ लाख हर्ट्झच्या पुढे. पाच मीटर घेतली तरी ३ लाखांच्या वर. माणसाचा कान २०,००० ला संपतो आणि चाळिशी उलटलेल्याचा बराच आधी.

मग फरक पडतो कशाने? पिन घट्ट बसते का, शिल्ड कसलंय आणि लांबी बेताची आहे का. एवढंच.

पिन घट्ट बसावी पण ओढताना अँप पुढे येऊ नये. शिल्डला विणलेली तांब्याची जाळी असेल तर उत्तम, नुसती पन्नी असेल तर घराच्या आत चालते पण सारखी काढ-घाल केली की फाटते. लांबी लागेल तेवढीच, डबे शेजारी असतील तर अर्धा-एक मीटर. बाजारात दीड मीटर सर्रास मिळते, तीही चालेल, उरलेल्याचा घट्ट गोल करून पॉवर कॉर्डवर मात्र ठेवू नका.

ब्रँड विचाराल तर कॅनारे, मोगामी, बेल्डन या कंपन्यांची वायर आणि न्यूट्रिक, रिआन, अँफेनॉलच्या पिना स्टुडिओ आणि टीव्ही स्टेशनवाले वर्षानुवर्षं वापरतात. तुमचं आवडतं गाणं तुमच्या घरी यायच्या आधी असल्याच शेकडो मीटर वायरमधून गेलेलं असतं, मग शेवटचा एक मीटर सोन्याचा करून काय होणार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचारत फिरा, "माईकची जाळीवाली शिल्डेड वायर" म्हणा. ऑनलाइनही मिळतात, फक्त नकली पिनांचा सुळसुळाट आहे.

आता माझी फजिती. एका दुकानात, नाव घेत नाही, मला एक केबल दाखवली, बोटाएवढी जाड, वरती काळ्या-चंदेरी धाग्याची वीण, पिनेला धातूचं जड नळकांडं, मखमली पिशवीत. ऐकून बघायला दिली, तीही त्यांनी आवाज जरा वर ठेवून, हे मला घरी आल्यावर कळलं. अठ्ठावीसशे रुपये दिले. आठ महिन्यांत डावी बाजू गेली. कुणी परत घेईना म्हणून मी ब्लेडने कापली. धाग्याखाली रबर, रबराखाली अजून एक रबर, त्याखाली कागद, आणि एकदम मधे सुतळीच्या धाग्याएवढी वायर, जाळी नावालाच, दहा-बारा केस एकीकडे ओढलेले आणि पिनेत डागाच्या जागी गोंदाचा गोळा. तो तुकडा अजून ड्रॉवरमधे आहे, कुणी केबल घ्यायला निघालं की दाखवतो.

बजेटचं म्हणाल तर पाचशे ते दीड हजारात एक मीटरची जोडी अशी मिळते की तिच्यापुढे जायचं कानाला कारण उरत नाही. याच्यावरचे पैसे दिसण्याचे. हौसेला मोल नाही, घ्यायची तर घ्या, मी पण घड्याळ घेतोच की, वेळ मोबाईलवर दिसते तरी. फक्त बायकोला "आवाज सुधारतो" असं सांगू नका, ती ऐकून बघेल.

केबलवर बाण असतो त्याचं गूढ काही नाही. काही केबलींत आत दोन वायर आणि बाहेर जाळी असते, जाळी फक्त एका टोकाला जोडलेली असते, ते टोक सोर्सकडे ठेवायचं आणि बाण अँपकडे. बाकी केबलींवरचा बाण शोभेचा. केबल शंभर तास वाजवून "उघडते" म्हणतात, तेवढ्या तासांत उघडतो तो आपला कान, सवय होते त्याला.

टर्नटेबल असेल तर थांबा

वरचं सगळंच जसंच्या तसं टर्नटेबलला लागू होत नाही. सुईतून, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, सीडीच्या चारशेव्या हिश्श्याएवढे. एवढा नाजूक सिग्नल असल्यावर शिल्ड हलकं असेल तर सगळं ऐकू येतं. आणि इथे कपॅसिटन्सही कानाला कळतो, कारण कार्ट्रिजच्या आत बारीक तारेचं मोठं वेटोळं असतं, त्याचं आणि केबलच्या कपॅसिटन्सचं मिळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच वर टेकाड तयार होतं. म्हणून कार्ट्रिजच्या कागदावर आकडा दिलेला असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरड, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १५० ते ३००. यात केबल, टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) वायर आणि फोनो स्टेजचा, म्हणजे टर्नटेबलचा नाजूक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा, स्वतःचा कपॅसिटन्स सगळं धरायचं. म्हणजे टर्नटेबल लांब ठेवून तीन मीटर केबल ओढली तर मीटरला १०० धरून तिथेच ३०० संपले, आवाज टोचायला लागतो. टर्नटेबलची केबल मीटर-सव्वा मीटर, कमी कपॅसिटन्सची, बस.

त्याच्यासोबत एक बारीक सुटी वायर येते, टोकाला चिमटा, ती अँपच्या मागे ग्राउंड लिहिलेल्या स्क्रूला लावायची. ही राहून गेली की भयानक घरघर येते आणि लोक केबल बदलतात. टर्नटेबलच्या मागे फोनो-लाइन असं बटण असेल तर तेही बघा, लाइनवर ठेवून अँपच्या फोनो सॉकेटमधे लावलं की आवाज फाटतो, उलट केलं की मुंगीएवढा येतो.

टीव्हीला आरसीए नकोच

शक्य असेल तर टीव्ही ऑप्टिकलने जोडा. त्या केबलमधून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे ग्राउंड लूप जागेवर तुटतो. तोशिबाने १९८३ मधे आणलेली गोष्ट आहे, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. आमच्या केबलवाल्याच्या घरघरीवर हाच उपाय चालला, अँपला ऑप्टिकल इनपुट नव्हतं म्हणून एक छोटा डॅक मधे बसवला. जोडल्यावर आवाज आलाच नाही तर घाबरू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमधे जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम करा, डॉल्बीवर असलं तर साध्या डॅकला ते कळत नाही. टोकांवरची प्लास्टिकची टोपणं काढायची असतात, हेही लिहितो, कारण माझी दहा मिनिटं त्यात गेली. आणि फार दुमडू नका.

डिजिटल कोअॅक्सियल, म्हणजे डिजिटल सिग्नलचं एकच आरसीए सॉकेट, असेल तर ७५ ओहमची केबल लागते. घरात जुनी पिवळी व्हिडिओ केबल पडली असेल तर ती ७५ चीच असते, लावा, चालते.

पायरी ६: जोडताना

अँप बंद करून मगच पिन काढा-घाला. आरसीएमधे मधली पिन आधी टेकते आणि ग्राउंड नंतर, तेवढ्या क्षणात स्पीकरमधे धाडकन आवाज येतो, आवाज वर असेल तर ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जाऊ शकतो. पिन धरून ओढायची, वायर धरून नाही. सिग्नलची केबल आणि पॉवर कॉर्ड शेजारी-शेजारी झोपवू नका, भेट घडवायचीच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

फिरवून आवळायच्या पिना मिळतात, त्यांच्यापासून सांभाळून. मी एकदा ती सैल न करताच ओढली, पिन आली आणि तिच्यासोबत अँपचं सॉकेटही अर्धं बाहेर आलं, आत पीसीबीवरचा डाग उचकटला. त्यात दोष कुणाचा नाही, माझा.

पायरी ७: ऐका, पण डोळे बंद करून

नवीन केबल लावली की आवाज चांगला वाटतोच, मला अजून वाटतो. म्हणून परीक्षा अशी घ्या: एक गाणं ठरवा, आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, घरातल्या कुणालातरी सांगा की मी बाहेर गेल्यावर केबल बदल नाहीतर बदलल्यासारखं कर, आणि कागदावर लिहून ठेव. आपण आत यायचं, ऐकायचं, जुनी की नवी ते लिहायचं. दहा वेळा करा. नऊ-दहा बरोबर आले तर केबल ठेवा आणि जुन्या केबलीत काय दोष आहे ते शोधा. माझे पाच आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मुलगी पलीकडे खिदळत होती कारण शेवटच्या चार वेळा तिने काहीच बदललं नव्हतं आणि मी चारातल्या दोनदा "नवी, बास भरलाय" असं लिहिलं होतं.

वाचलेले पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर आधी फुकटचं करा, स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, दोघांची तोंडं थोडी आत वळवा, ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला आणा. मग जाड पडदा आणि एक सतरंजी.

स्वतः बनवायची असेल तर

आता मी विकत घेत नाही, बनवतो. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, रोझिन कोअर असलेलं ६०-४० सोल्डर, माईकची वायर, चार पिना. आधी पिनेचं झाकण वायरमधे ओवून घ्यायचं, मग डाग द्यायचा, हा क्रम प्रत्येकजण पहिल्या वेळी चुकतो आणि डागलेलं परत काढतो. वायर आणि पिन दोन्ही आधी तापवून सोल्डर त्यांच्यावर वितळवायचं, आयर्नवर नाही. डाग चकचकीत, गुळगुळीत दिसला तर बसला, राखाडी दाणेदार दिसला तर कच्चा, परत तापवा. जाळीचा एकही केस मधल्या पिनेला लागू द्यायचा नाही. मग पायरी चारचा मल्टिमीटर.

सगळ्यात कामाची केबल बनवली ती बाबांच्या डेकसाठी. त्याला आरसीए नाहीच, मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट, आणि मूळ केबल दोन घरं बदलताना कुठेतरी गेली. दुकानात तयार मिळाली त्यातून एकही बाजू वाजेना, कारण डिनमधे आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या पिना एकाच प्लगमधे असतात आणि ती केबल आत जाणाऱ्या पिनांना जोडलेली होती. पिनांचे नंबरही ओळीने नसतात, कमानीत बघितलं तर १, ४, २, ५, ३ असे येतात. मधली २ ग्राउंड. टेप वाजवायची असेल तर ३ डावी आणि ५ उजवी. १ आणि ४ रेकॉर्डिंगच्या. मी ३ ला पांढरी पिन डागली, ५ ला लाल, दोन्हींची जाळी २ ला, आणि १, ४ सोडून दिल्या. प्लगच्या आत जागा नखाएवढी, दोनदा प्लास्टिक वितळलं, तिसरा प्लग टिकला. दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवून त्यावर "डेक" लिहिलंय, तुम्हीही प्रत्येक केबलला लिहा. बाबांनी पहिली कॅसेट घातली ती आजोबांच्या आवाजातली आरती, १०० हर्ट्झची बारीक घरघर आहे तिच्यात, पण ती कॅसेटमधेच भरलेली आहे, ती काढायची नाही असं ठरलंय.